लाउटरब्रुनेनच्या दरीत सहा रात्री: युंगफ्राउयोखला जावं की नुसतं चालावं?

लोकलवाली | ११ फेब्रुवारी, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात स्वित्झर्लंडला जायचं घाटतंय. आम्ही चौघं: मी, नवरा, नऊ वर्षांचा लेक आणि सासूबाई. सासूबाई अडुसष्टच्या, दोन वर्षांपूर्वी उजवा गुडघा बदललाय. मुलुंडच्या कॉलनीत रोज संध्याकाळी तासभर चालतात, पण जिना दिसला की तोंड वाकडं.

आधी एका टूरवाल्याकडे गेलो होतो. अकरा दिवसांत पाच देश. म्हणजे विरार फास्टच्या दारात उभं राहून वसईचा किल्ला बघायचा. ते रद्द केलं. आता एकच दरी धरायची आणि तिथेच सहा रात्री काढायच्या असं ठरवलंय. दरी म्हणजे लाउटरब्रुनेनची. दोन्ही बाजूंना ताशीव कडे, मधे गाव, आणि वरून म्हणे बहात्तर धबधबे.

घोडं अडलंय ते इथे: सासूबाईंना बर्फ हातात घ्यायचाय. नवऱ्याला पॅराग्लायडिंग करायचंय. लेकाला 'काहीतरी घसरायचं' हवंय. मला नुसतं चालायचंय. बर्फ म्हणजे युंगफ्राउयोख, रेल्वेने जायचं उंच बर्फाळ ठिकाण. तिथलं पूर्ण तिकीट माणशी दोनशे फ्रँकच्या वर जातं, चौघांचा हिशोब केल्यावर नवरा अर्धा तास बोलला नाही. जावं का वर? राहायचं खाली गावात, वर वेंगनला की इंटरलाकेनला? आणि नव्या गुडघ्याला झेपतील अशा वाटा कोणत्या?

---

टुकार | ११ फेब्रुवारी, रात्री १०:३१

पहिला! आता पॉपकॉर्न घेऊन बसतो. (मी फक्त माथेरानला गेलोय.)

---

खडूस | ११ फेब्रुवारी, रात्री ११:०५

युंगफ्राउयोख म्हणजे बर्फातला मॉल. लिफ्ट, घड्याळांचं दुकान, चॉकलेटचं दुकान, भारतीय जेवण आणि फोटोसाठी रांग. आम्ही गेलो तेव्हा वर पूर्ण ढग होते, पांढऱ्या भिंतीचे फोटो काढून आलो. तेवढ्या पैशात दरीत आणखी दोन दिवस राहा.

---

बर्नची_सून | १२ फेब्रुवारी, पहाटे ३:१८

(इकडे रात्रीचे पावणेअकरा वाजलेत, लेकरं झोपली की लिहायला बसते.)

लोकलवाली, एकच दरी धरलीत ते उत्तम. मी बर्नजवळ राहते, आलेल्या प्रत्येक पाहुण्याला तिकडे नेणं हा माझा अर्धवेळ धंदा आहे.

सगळ्यात आधी हवा. जूनमध्ये तिथे सलग चार दिवस निळं आकाश मिळालं तर सत्यनारायण घाला. म्हणून वर जायचं कुठलंच तिकीट महिनाभर आधी काढू नका. युंगफ्राउयोख, मेनलिखन, शिल्टहोर्न, सगळीकडे वेबकॅम आहेत. सकाळी सहाला उठायचं, चहा ठेवायचा, कॅमेरा बघायचा. वर निळं असेल तर वर, ढग असेल तर खाली. खालीही पुष्कळ आहे.

राहण्याचं म्हणाल तर इंटरलाकेन सोयीचं, दुकानं भरपूर, पण रोज वीस मिनिटं जायची आणि वीस यायची, आणि संध्याकाळी दरीत असण्याची मजा जाते. जूनमध्ये नऊनंतरही उजेड असतो. टूरच्या बसा पाचला निघून गेल्या की दरी पुन्हा गाववाल्यांची होते, गाईंच्या घंटा ऐकू येतात. वेंगन आणि म्युरन या दोन्ही गावांत बाहेरच्या गाड्यांना बंदी आहे. वेंगनला लाउटरब्रुनेनहून दातेरी रुळांची रेल्वे जाते, पाऊण तासाने वगैरे नाही, बारा-पंधरा मिनिटांत. तुमच्यासाठी मी वेंगन म्हणेन. स्टेशनपासून घर किती चढावर आहे ते मात्र विचारून घ्या, तिथलं 'पाच मिनिटं' म्हणजे चढाची पाच मिनिटं.

एक सूचना. इंटरलाकेनहून येणारी गाडी त्स्वायल्युचिनन नावाच्या स्टेशनात दोन भागांत तुटते. एक भाग लाउटरब्रुनेनला, दुसरा ग्रिंडेलवाल्डला. डब्यावरची पाटी बघून बसा. माझ्या मामेसासऱ्यांचं सामान एकीकडे आणि मामेसासरे दुसरीकडे गेले होते.

---

टुकार | १२ फेब्रुवारी, सकाळी ८:४०

म्हणजे कल्याण! अर्धी कर्जत, अर्धी कसारा. आम्हाला काय शिकवता, आम्ही झोपेतसुद्धा बरोबर डब्यात बसतो.

---

लोकलवाली | १२ फेब्रुवारी, सकाळी ९:०२

@बर्नची_सून, किती छान लिहिलंत! वेबकॅमची युक्ती माहीतच नव्हती. मामेसासरे भेटले ना शेवटी?

---

बर्नची_सून | १२ फेब्रुवारी, दुपारी १:३०

भेटले. त्यांना ग्रिंडेलवाल्ड जास्त आवडलं, संध्याकाळपर्यंत आलेच नाहीत.

---

कोकणकडा | १२ फेब्रुवारी, दुपारी २:११

माफ करा, पण कळसूबाई १६४६ मीटर. म्युरन गाव १६३८ मीटर. म्हणजे आपल्या सर्वांत उंच शिखरापेक्षा जेमतेम आठ मीटर खाली त्यांचं एक अख्खं गाव आहे. आकडे पहिल्यांदा शेजारीशेजारी बघितले तेव्हा मी थोडा वेळ गप्प बसलो होतो.

तरीही सांगतो, कडे बघायला एवढं लांब जायची गरज नाही. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पावसाळा संपता संपता जाऊन पोटावर झोपा आणि खाली बघा. लाउटरब्रुनेनच्या कड्यांना लोखंडी कठडे, पाट्या, चहाच्या टपऱ्या. इथे तुम्ही आणि वारा.

फरक मात्र समजून घेण्यासारखा आहे. आपले कडे लाव्ह्याच्या थरांचे, एकावर एक रचलेले, म्हणून पायऱ्या पायऱ्या दिसतात. तिकडचे चुनखडीचे, आणि दरी कोरली ती हिमनदीने. नदी कोरते तेव्हा दरीचा आकार 'व्ही'सारखा होतो, हिमनदी तळ आणि बाजू दोन्ही खरवडते म्हणून 'यू'. मुख्य हिमनदी जाड, तिने खोल खणलं. बाजूने येऊन मिळणाऱ्या लहान हिमनद्यांना तेवढं खणता आलं नाही. बर्फ वितळून गेल्यावर त्या बाजूच्या दऱ्या वरच टांगलेल्या राहिल्या आणि त्यांचं पाणी कड्यावरून थेट खाली पडायला लागलं. म्हणून एका दरीत एवढे धबधबे.

---

शिवडीचा_फ्लेमिंगो | १२ फेब्रुवारी, दुपारी ३:४५

@कोकणकडा, पहिल्या परिच्छेदात त्यांचं कौतुक, दुसऱ्यात आपलं, तिसऱ्यात भूगोलाचा तास. मान गये. पण ६८ वर्षांच्या बाईंना नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगडावर नेणार का?

अवांतर: धबधब्यांचं वेळापत्रकही उलटं असतं. आपले जुलै-ऑगस्टात फुगतात, कारण पाऊस. तिकडचे वसंतात आणि जूनपर्यंत जोरात, कारण वितळणारा बर्फ. श्टाउबबाख हा गावातला मोठा धबधबा जवळजवळ ३०० मीटर उंच आहे, पण उन्हाळा सरत आला की पाणी खाली पोचेपर्यंत त्याचा फवारा होतो. नावातच 'श्टाउब' म्हणजे धूळ. मी सप्टेंबरात गेलो होतो, वाऱ्याने तो पडद्यासारखा एका बाजूला उडत होता. जूनमध्ये तुम्हाला भरलेला मिळेल.

---

निवृत्त_नाना | १२ फेब्रुवारी, सायंकाळी ६:२०

लोकलवाली ताई, मी कधीतरीच लिहितो. खडूस यांचा प्रतिसाद वाचून लिहावंसं वाटलं.

आम्ही २०११ साली टूरबरोबर गेलो होतो. तीच ती अकरा-बारा दिवसांची, सकाळी साडेसहाची बस, संध्याकाळी वरण-भात. मी गिरणगावात वाढलो. खात्यात नोकरी केली, निवृत्तीचे पैसे आले, त्यातून गेलो. सौ.ला बर्फ बघायचा होता, तो तिने तोवर फक्त सिनेमात आणि बर्फाच्या गोळ्याच्या गाडीवर पाहिला होता. युंगफ्राउयोखला आम्हाला वर मिळाले दोन तास. त्यातला एक रांगेत गेला. बाहेर पठारावर आलो तेव्हा ऊन होतं. तिने वाकून मूठभर बर्फ उचलला आणि मला मारला. छत्तीस वर्षांच्या संसारात तिने माझ्यावर काही फेकलं ते तेवढंच.

ती आता नाही. मॉल होता की नव्हता हे मला आठवत नाही.

ज्यांना परत परत जाता येतं त्यांनी नुसतं चालावं. ज्यांचं एकदाच होणार आहे त्यांना वर जाऊ द्यावं.

---

खडूस | १२ फेब्रुवारी, सायंकाळी ७:०१

नाना, शब्द मागे घेतो.

(मॉल आहेच. पण मागे घेतो.)

---

चाळीतली_चिमणी | १२ फेब्रुवारी, सायंकाळी ७:३३

नाना _/\_

युंगफ्राउयोखला नेणारी रेल्वे स्वतःच एक आश्चर्य आहे हेही सांगायला हवं. आयगर शिखराच्या पोटातून बोगदा खणत १८९६ ते १९१२ अशी सोळा वर्षं काम चाललं. ज्यांच्या डोक्यातून ही कल्पना निघाली ते गायर-त्सेलर १८९९मध्येच गेले, पूर्ण झालेली रेल्वे त्यांनी पाहिलीच नाही. ३४५४ मीटरवरचं ते स्टेशन युरोपातलं सर्वांत उंच. समोर 'आलेच' नावाची हिमनदी, आल्प्समधली सर्वांत लांब, वीस किलोमीटरच्या वर. हा सगळा परिसर २००१पासून जागतिक वारसा आहे. दुकानांकडे पाठ केली की दिसतं सगळं.

---

हाडवैद्य_नाही | १२ फेब्रुवारी, रात्री ९:१५

मी फिजिओथेरपिस्ट आहे (म्हणून आयडी असा). मूळ प्रश्नाकडे येऊ या का? गुडघा.

लोक म्हणतात, केबल कारने वर जा आणि चालत उतरा, सोपं पडतं. फुफ्फुसाला सोपं, गुडघ्याला नाही. सरळ उतारावर प्रत्येक पावलाला सांध्यावर चढापेक्षा जास्त भार येतो. बदललेल्या गुडघ्याला सपाट वाट चालते, मंद चढ-उतार चालतो, खडी पायवाट दोन तास उतरणं चालत नाही. जाताना केबल कार, येताना केबल कार, मधे सपाट चालणं, असं आखा. दोन्ही हातांत काठ्या. त्या तिकडे महाग मिळतील, इथूनच घेऊन जा आणि आत्तापासून सवय करा. त्यांच्या डॉक्टरांना विचारा, मी फोरमवर गुडघा तपासत नाही.

सरावाला पायऱ्या लागतीलच. कान्हेरीला न्या एखाद्या रविवारी सकाळी.

---

टुकार | १२ फेब्रुवारी, रात्री ९:२२

कान्हेरी कशाला? संध्याकाळी साडेसहाला दादरच्या पुलावर सोडा. चढ, उतार, गर्दी, वारा, सगळा सराव एकदम.

---

लोकलवाली | १२ फेब्रुवारी, रात्री १०:४८

नाना, तुमचा प्रतिसाद मी सासूबाईंना वाचून दाखवला. काही बोलल्या नाहीत. उठून देवघरातला दिवा लावून आल्या, तो आधीच लावलेला होता.

@हाडवैद्य_नाही, हेच हवं होतं. आता कोणीतरी नेमक्या वाटा सांगा.

---

बर्नची_सून | १३ फेब्रुवारी, पहाटे ३:४०

सांगते. पाहुण्यांच्या गुडघ्यांवर तपासलेल्या वाटा आहेत.

ढगाळ दिवसासाठी: लाउटरब्रुनेन ते श्टेखेलबर्ग. दरीच्या तळातून, नदीकाठाने, सहा-सात किलोमीटर, जवळपास सपाट. कंटाळा आला की बस आहे. वाटेत त्रुमेलबाख लागतो. तो चुकवू नका. आयगर, म्योंश आणि युंगफ्राउ, तिन्ही शिखरांच्या हिमनद्यांचं पाणी एका डोंगराच्या पोटातून दहा टप्प्यांत खाली येतं, सेकंदाला २०,००० लिटरपर्यंत. आत बोगद्यातली लिफ्ट आहे, पण पुढे ओल्या पायऱ्या आहेत, आणि आवाज असा की शेजारच्याशी बोलता येत नाही. सासूबाईंनी पायऱ्या बघून ठरवावं. चार वर्षांखालच्या मुलांना आत सोडत नाहीत, तुमचा लेक मोठा आहे. सगळ्यांना रेनकोट.

निळ्या दिवसासाठी: वेंगनहून केबल कारने मेनलिखन, तिथून क्लाइने शाइडेगपर्यंत चालत. साडेचार किलोमीटरच्या आसपास, वाट रुंद, उतार इतका मंद की लोक बाळाची गाडी ढकलत नेतात. आयगर, म्योंश, युंगफ्राउ समोर, आणि तुम्ही चालता तसे ते अंगावर येत जातात. पाटी म्हणेल दीड तास, सासूबाईंसह तीन धरा. शाइडेगहून वेंगनला गाडीने परत, उतरायचं कामच नाही. मेनलिखनला खेळायच्या मैदानात प्रचंड मोठी लाकडी गाय आहे, मुलं तिच्यातून घसरतात. लेकाचं झालं!

जूनच्या मध्यात या वाटेवर कुठे कुठे जुना बर्फ शिल्लक असतो. कधी वाटच अजून उघडलेली नसते, म्हणून निघण्याआधी स्थिती बघा.

तिसरी: लाउटरब्रुनेनहून केबल कारने ग्रुचआल्प, तिथून छोट्या रेल्वेच्या कडेकडेने म्युरनपर्यंत. तासाभराची वाट. दमलात तर मधे विंटरेगला गाडीत बसा. म्युरनहून पुढे गिमेलवाल्डला डांबरी रस्ता उतरतो, तो गुडघ्याला नको, तिथे केबल कार घ्या. श्टेखेलबर्गहून थेट म्युरनला नेणारी नवी केबल कारही २०२४च्या डिसेंबरमध्ये सुरू झाली, पोटात गोळा येतो इतकी उभी.

आणि पाट्यांचे रंग शिकून घ्या. नुसती पिवळी पाटी म्हणजे साधी वाट. पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरवाट, चांगले बूट आणि डोकं शांत हवं. पांढरा-निळा-पांढरा दिसला की मागे फिरा, ते गिर्यारोहकांचं काम. पाटीवर अंतर नाही, वेळ लिहिलेली असते, आणि त्यात थांबणं, फोटो, भांडण काहीही धरलेलं नसतं.

---

डोंबिवली_फास्ट_नाही | १३ फेब्रुवारी, सकाळी १०:१९

वाचनखूण साठवली.

ताई, पासचं गणित नीट करा. स्विस ट्रॅव्हल पास असला की वेंगन, म्युरन, ग्रिंडेलवाल्डपर्यंत फुकट, पण युंगफ्राउयोखच्या वरच्या भागाला फक्त २५ टक्के सूट. हाफ फेअर कार्ड असेल तर सगळ्यालाच अर्धं, वरच्यालाही. तुम्ही एकाच दरीत बसणार, देशभर हिंडणार नाही, म्हणून मी तरी हाफ फेअर किंवा बर्नर ओबरलांटचा विभागीय पास बघेन. सोळा वर्षांखालच्या मुलांना आईबापांबरोबर फॅमिली कार्डवर फुकट असतं, ते मागून घ्या. कोणी आपणहून देत नाही.

आणि व्हिसाची तारीख आजच बघा. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, मे महिन्यात सगळी मुंबई रांगेत असते.

---

घांघरिया_रिटर्न | १३ फेब्रुवारी, दुपारी १२:०५

या खर्चात अख्खं कुटुंब दोनदा उत्तराखंडात जाऊन येईल. फुलांची दरी १ जूनला उघडते, ३१ ऑक्टोबरपर्यंत. खरी फुलं जुलै-ऑगस्टात. १९८२मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, २००५मध्ये जागतिक वारसा. आत मुक्कामाला परवानगी नाही म्हणून अजून शिल्लक आहे. तिथे दुकान नाही, लिफ्ट नाही, वेबकॅम नाही.

---

शिवडीचा_फ्लेमिंगो | १३ फेब्रुवारी, दुपारी १२:३०

@घांघरिया_रिटर्न, आणि गुडघा? फुलांच्या दरीखालच्या घांघरिया गावापर्यंतची चढण मी केली आहे. खेचरं आणि पालख्या मिळतात हे खरं, पण सासूबाई पालखीत आणि सून चालत, हे चित्र फोटोत कसं दिसेल?

---

घांघरिया_रिटर्न | १३ फेब्रुवारी, दुपारी १२:५२

चित्र अतिशय पारंपरिक दिसेल.

बरं, मुद्दा मान्य. लिफ्टला मी नावं ठेवली, पण माझ्या आईला हिमालय दाखवायचा राहून गेला तो लिफ्ट नव्हती म्हणूनच.

---

माहीमचा_हलवाई | १३ फेब्रुवारी, दुपारी ४:१०

जेवणाचं कोणी बोलत नाही? तिथे साधा वरणभात खायला गेलात तरी बिल बघून घशाला कोरड पडते. स्वयंपाकघर असलेलं घर घ्या. लाउटरब्रुनेन, वेंगन, म्युरन तिन्हीकडे कोऑपचं दुकान आहे. तांदूळ, बटाटे, अंडी, दही सगळं मिळतं. आम्ही मेतकूट, गोडा मसाला, पोहे, भाजणी घेऊन गेलो होतो. नळाचं पाणी पिण्याचं, बाटल्या विकत घेऊ नका.

दुधाचे आणि मांसाचे पदार्थ मात्र इथून नेता येत नाहीत, नियम आहे. पेढे, खवा, तूप घरी ठेवा.

---

टुकार | १३ फेब्रुवारी, दुपारी ४:२५

साजूक तुपातल्या बेसनाच्या लाडवाचं काय? तो दुधाचा की बेसनाचा? खंडपीठ बसवा.

---

चाळीतली_चिमणी | १३ फेब्रुवारी, सायंकाळी ५:००

नवरोबांचं राहिलं. पॅराग्लायडिंग बेआटेनबर्गहून उडून इंटरलाकेनच्या मैदानात उतरतं, किंवा म्युरनहून उडून थेट तुमच्या दरीत. वैमानिक सोबत असतो, आपण फक्त धावायचं. पण फ्योन नावाचा गरम वारा सुटला की सगळं बंद, केबल कारसुद्धा. म्हणून तेही शेवटच्या दिवसावर टाकू नका. आणि कामशेतला एकदा उडवून आणा आधी. माझा भाऊ तिकडे पैसे भरून टोकाला उभा राहिला आणि म्हणाला, "नाही."

त्याच कड्यांवरून काही लोक नुसती छत्री पाठीला बांधून उड्या मारतात. दरी त्यासाठी जगभर प्रसिद्ध आहे आणि तिथे माणसं मरतातही. लेकाला मान वर करून बघू द्यायचं का, हे आधी ठरवा. आम्ही आइस्क्रीम खात होतो आणि वरून फडफड आवाज आला, माझ्या मुलीने महिनाभर तोच प्रश्न विचारला.

---

कोकणकडा | १३ फेब्रुवारी, रात्री ८:४४

लेकासाठी आणखी एक: ग्रिंडेलवाल्डहून 'फर्स्ट' नावाच्या डोंगरावर जा. कड्याला बांधलेला लोखंडी पूल आहे, खाली उतरायला तीनचाकी गाड्या आहेत. त्या गाडीला उंची १३५ सेंटिमीटर लागते, घरीच भिंतीला लावून मोजा, तिथे जाऊन रडारड नको. बाखआल्प तलाव फर्स्टपासून तीन किलोमीटर, पण जूनच्या मध्यात तो अर्धा गोठलेला असू शकतो.

(हो, मी जाऊन आलोय. दोनदा. विचारू नका.)

---

शिवडीचा_फ्लेमिंगो | १३ फेब्रुवारी, रात्री ८:५१

😂 कोकणकड्याचा कडेलोट.

---

लोकलवाली | २६ जून, रात्री ११:२०

मंडळी, धागा वर काढते. आलो परत. अजून सात वाजता जाग येते आणि हात वेबकॅमकडे जातो.

वेंगनला राहिलो. घर 'स्टेशनपासून सहा मिनिटं' होतं, बॅगा घेऊन एकोणीस. पहिले तीन दिवस ढग आणि पाऊस. आपल्यासारखा कोसळत नाही, नुसता चिकटून बसतो. कॅमेऱ्यात सगळं राखाडी. नवरा म्हणायला लागला की टूरवाल्याने निदान बस तरी हलवली असती. त्या तीन दिवसांत दरीतून श्टेखेलबर्गपर्यंत चाललो, एकदा नाही, दोनदा. सासूबाई काठ्या घेऊन आमच्या पुढे. मधे एका गोठ्याजवळ थांबून गाईंशी मराठीत बोलल्या. त्रुमेलबाखला पायऱ्या बघून त्या बाहेर बाकावर बसल्या, आम्ही तिघं आत. लेक बाहेर येऊन म्हणाला, "आजी, डोंगराच्या पोटात मिक्सर लावलाय." त्याच्या आवाजात तासभर तेच.

चौथ्या दिवशी पहाटे कॅमेऱ्यात निळं. धावत मेनलिखन. त्या वाटेबद्दल मी काही लिहीत नाही, बर्नच्या सूनबाईंनी लिहिलंय तसंच, फक्त ते तिन्ही डोंगर प्रत्यक्षात फार जवळ असतात. अर्ध्या वाटेवर डाव्या हाताला एका खळग्यात जुन्या बर्फाचा ढीग होता, मळका, वर माती आणि काड्या. सासूबाई थांबल्या. काठ्या माझ्या हातात दिल्या, वाकल्या (वाकायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय), वरचा थर खरवडला आणि आतला पांढरा बर्फ दशम्यांच्या रिकाम्या स्टीलच्या डब्यात भरला. झाकण लावलं. शाइडेगला गाडीत बसेपर्यंत दर पाच मिनिटांनी उघडून बघत होत्या. घरी पोचेपर्यंत पाणी झालं, ते त्यांनी मालकिणीच्या खिडकीतल्या लाल फुलांना घातलं.

मला वाटलं, बर्फाचा विषय संपला, चारशे फ्रँक वाचले. रात्री जेवताना सासूबाई माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "उद्याही ऊन असेल तर मला त्या वरच्या गाडीने ने. ते नाना गेले होते तिथे."

गेले दोघं. मी आणि लेक म्युरनला. हाफ फेअरवरही तिकीट टोचलं, पण नवऱ्याने त्या दिवशी हिशोब काढला नाही. वर सासूबाईंना थोडी धाप लागली, सावकाश चालल्या, बसत बसत. पठारावर जाऊन आल्या. संध्याकाळी मी विचारलं कसं होतं. म्हणाल्या, "तिथला बर्फ स्वच्छ. पण हातमोजे घालून धरावा लागला. मेनलिखनचा मळका बरा होता." मग थोड्या वेळाने: "पण गेले ते बरं झालं. मी ह्याच्या टाळक्यात एक गोळा घातला."

पॅराग्लायडिंग फ्योनने खाल्लं. नवरा कामशेतची चौकशी करतोय. लेकाची उंची १३३ निघाली, तीनचाकी गाडी नाही, म्हणून रडारड झालीच. कोकणकडा, तुम्ही सांगूनसुद्धा मी मोजली नव्हती.

---

निवृत्त_नाना | २७ जून, सकाळी ६:०५

ताई, सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. नेम लागला का?

---

लोकलवाली | २७ जून, सकाळी ९:३०

लागला. चष्म्यावर.

---

बर्नची_सून | २७ जून, दुपारी १:१५

घर स्टेशनपासून किती चढावर आहे ते विचारा म्हटलं होतं ना!

---

नवा_सदस्य_४११ | २८ जून, रात्री ११:५८

छान धागा. सगळा वाचला नाही. आम्ही ऑक्टोबरमध्ये जातोय. युंगफ्राउयोखला जावं का?

---

खडूस | २९ जून, सकाळी ७:१०

निवृत्त नानांचा प्रतिसाद शोधा. मग मला विचारा.